काचेवरची रेषा : साधन, माध्यम आणि कलाकृतीचे अस्तित्व

१

चित्रकलेत नवे साधन आले की त्याविषयी दोन विधाने हमखास केली जातात. साधन हे केवळ साधन असते, कुंचला असो वा काच, चित्र काढतो तो चित्रकारच, असे पहिले विधान. दुसरे नेमके याच्या उलट : साधन बदलले की कला बदलते, आणि यंत्राच्या स्वाधीन झालेली रेषा खऱ्या अर्थाने रेषा राहत नाही. ही विधाने परस्परविरोधी दिसत असली तरी दोहोंच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. 'साधन' आणि 'माध्यम' या संकल्पनांमधील भेद दोन्हीकडे दुर्लक्षिला जातो. ज्याने काम केले जाते ते साधन. ज्यात कलाकृती घडते आणि ज्याच्या द्वारा ती अनुभवाला येते ते माध्यम. छिन्नी हे साधन, पाषाण हे माध्यम. हा भेद शिल्पात जितका ठळक असतो तितका सर्वत्र नसतो. टॅब्लेटवरील चित्रांकनात तर तो जवळजवळ पुसला जातो, कारण तेथे कुंचला, रंग, पट आणि चित्रावर पडणारा प्रकाश हे सारे एकाच काचेत सामावलेले असते. म्हणूनच टॅब्लेटवरील अ‍ॅपच्या साहाय्याने काढलेले चित्र ही कलातंत्राची नवलाई म्हणून बाजूला सारण्याजोगी गोष्ट नाही. कलाकृती कशाला म्हणावे, ती कोठे असते आणि तिची प्रत म्हणजे काय, या सौंदर्यशास्त्रातील जुन्या प्रश्नांची ती एक कसोटी आहे.

या कसोटीसाठी डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराची चित्रे विशेष उपयुक्त ठरतात. टॅब्लेट हाती येण्यापूर्वी सुमारे पाच दशके तो तैलरंग, अ‍ॅक्रिलिक, अम्लरेखन, जलरंग आणि छायाचित्र या माध्यमांत काम करीत होता. त्यामुळे काचेवर काढलेल्या रेषेत नवे काय आणि जुनेच काय, हे त्याच्याच आधीच्या कामाशी ताडून पाहता येते. केवळ नव्या साधनावरच वाढलेल्या चित्रकाराच्या बाबतीत अशी तुलना संभवत नाही.

२

संगणकाच्या पडद्यावर हाताने रेषा काढण्याची कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलंड याने १९६३ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत 'स्केचपॅड' ही प्रणाली सिद्ध केली. तीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येत असे. मात्र ती अभियंत्यासाठी होती आणि तिचे यंत्र एक खोली व्यापणारे होते. हॉकनीचा अशा साधनांशी संबंध १९८० च्या दशकात आला. बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमासाठी त्याने 'क्वांटेल पेंटबॉक्स' या यंत्रावर प्रकाशाच्या रंगांत चित्रे काढली. त्याच दशकात कार्यालयातील छायाप्रती काढण्याचे यंत्र त्याने मुद्रा निर्माण करण्यासाठी वापरले, आणि पुढे फॅक्स यंत्रातून तुकड्यातुकड्यांनी चित्रे पाठविली. प्रत काढण्यासाठी बनविलेल्या यंत्राकडून मूळ कृती घडवून घेण्याचा त्याचा हा ध्यास ध्यानात घेतला, तर पुढील टप्पा आकस्मिक वाटत नाही.

हा टप्पा २००९ मध्ये आला. स्टीव्ह स्प्रँग याने तयार केलेले 'ब्रशेस' हे अ‍ॅप आयफोनवर उपलब्ध झाले होते. होर्हे कोलोम्बो या चित्रकाराने याच अ‍ॅपमध्ये बोटाने काढलेले चित्र १ जून २००९ च्या 'द न्यूयॉर्कर'चे मुखपृष्ठ झाले. हॉकनीने त्या सुमारास आयफोनवर फुले आणि खिडकीतून दिसणारी पहाट यांची चित्रे काढून ती मित्रांना पाठविण्यास आरंभ केला. २०१० मध्ये आयपॅड आल्यावर पट मोठा झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पिएर बेर्जे–इव्ह सँ लोराँ प्रतिष्ठानात ही चित्रे आयफोन आणि आयपॅड यांच्या पडद्यांवरच दाखविण्यात आली. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत 'अ बिगर पिक्चर' हे प्रदर्शन भरले तेव्हा मात्र ही चित्रे कागदावर अवतरली. पूर्व यॉर्कशरमधील वोल्डगेट या जुन्या रोमन रस्त्यावर २०११ मध्ये आलेल्या वसंताची ५१ आयपॅड-चित्रे कागदावर मोठ्या आकारात मुद्रित होऊन भिंतीवर लागली, आणि त्यांच्या जोडीला ३२ फलकांचे एक भव्य तैलचित्र होते.

पॅरिसमधील पडदा आणि लंडनमधील कागद, यांपैकी मूळ चित्र कोणते? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर या चित्रांचे सर्व मूल्यमापन अवलंबून आहे.

३

मराठी सौंदर्यविचारात या प्रश्नाला उत्तर देऊ शकतील अशा दोन भूमिका उपलब्ध आहेत. पहिली बा. सी. मर्ढेकरांची. त्यांच्या विचारात ललित कलेचे माध्यम भौतिक द्रव्य नसून संवेदना होय. चित्रकलेच्या बाबतीत रंगसंवेदना हे माध्यम, आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी झालेली तिची संघटना म्हणजे चित्राचे सौंदर्य. या भूमिकेतून पाहता रंग तेलात कालवलेला आहे की काचेमागून येणाऱ्या प्रकाशाचा आहे, याला स्वतंत्र महत्त्व उरत नाही. संवेदना आणि तिची संघटना यांचाच काय तो विचार करायचा. टॅब्लेटच्या बाजूने बोलणाऱ्याला ही भूमिका प्रथमदर्शनी सोयीची वाटेल.

परंतु ती तर्कशुद्धपणे पुढे नेली तर वेगळाच निष्कर्ष हाती येतो. पडदा स्वतः प्रकाश टाकतो. कागद त्याच्यावर पडलेला प्रकाश परावर्तित करतो. पडद्यावरील रंग लाल, हिरवा आणि निळा या प्रकाशांच्या बेरजेतून सिद्ध होतो, तर शाईचा रंग कागदावर पडलेल्या प्रकाशातील काही अंश शोषून घेतल्याने दिसतो. पडद्यावरची झगझगीत हिरवी किंवा जांभळी छटा शाईत तंतोतंत उतरत नाही. अंधाऱ्या खोलीत उगवतीचे जे चित्र स्वतः उजळलेले असते, तेच कागदावर आले की प्रकाशाचे केवळ वर्णन करते. म्हणजे संवेदना हेच माध्यम मानायचे, तर पडद्यावरील चित्र आणि मुद्रित चित्र या दोन भिन्न संवेदनासंघटना, अतएव दोन भिन्न कलाकृती ठरतात. माध्यमाच्या भौतिकतेकडे दुर्लक्ष करणारी वाटलेली भूमिकाच येथे भौतिक भेदाची सर्वांत कठोर परीक्षक ठरते.

दुसरी भूमिका द. ग. गोडसे यांच्या 'पोत' या संकल्पनेतून मिळते. पोत हा शब्द मुळात वस्त्राच्या विणीचा. गोडसे यांनी तो कलाविचारात रुजविला. पोत म्हणजे पृष्ठभागाचा केवळ खडबडीतपणा नव्हे. द्रव्य आणि त्यावर काम करणारा हात यांच्या झटापटीतून जे अंगभूत गुणवैशिष्ट्य प्रकट होते, ते पोत, अशा व्यापक अर्थाने ती संज्ञा घेता येते. या दृष्टीने काच हा विलक्षण पट आहे. काच विरोध करीत नाही. कागदाचे दाणे कोळशाला अडवितात, कॅनव्हासची वीण रंग ओढून घेते, जलरंग आपल्या मर्जीने पसरतो. काचेवर बोट केवळ घसरते. पहिल्या आयपॅडच्या काचेला बोटाचा दाबही कळत नसे, केवळ स्पर्शाचे स्थान कळे. दाब ओळखणारी 'अ‍ॅपल पेन्सिल' २०१५ मध्ये आली. तेव्हा त्याआधीच्या चित्रांत जी जाड-बारीक किंवा गडद-फिकट रेषा दिसते ती हाताच्या भाराची नोंद नव्हे. अ‍ॅपने देऊ केलेल्या कुंचल्यांतून आणि पर्यायांतून ती निर्माण झाली आहे.

म्हणून या चित्रांना पोत नाही, असे म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. कोळशाचा, तेलाचा वा जलरंगाचा पोत त्यांना नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. झटापट नाहीशी झालेली नाही, ती दुसरीकडे गेली आहे. अमर्याद रंग, तत्काळ बदलणारा कुंचला, न वाळण्याची अडचण नसलेला पट आणि काढलेली रेषा मागे घेण्याची मुभा, या अतिसुलभतेशीच येथे चित्रकाराला झुंजावे लागते. द्रव्य जेथे थांबवीत नाही तेथे थांबायचे कोठे हे त्याला स्वतःच ठरवावे लागते. या माध्यमातील बलस्थाने आणि दुर्बलता दोन्ही याच ठिकाणी शोधावी लागतात.

४

कलाकृतीच्या अस्तित्वाच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. नेल्सन गुडमन याने १९६८ मध्ये 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' या ग्रंथात कलांची दोन गटांत विभागणी केली. काही कलांत कृतीचा अस्सलपणा तिच्या निर्मितीच्या इतिहासाशी बांधलेला असतो. त्यांना स्वहस्तनिष्ठ म्हणता येईल. चित्रकला ही त्यांतली. हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच राहते. उलट साहित्य आणि स्वरलेखनबद्ध संगीत या संकेतनिष्ठ कला होत. तेथे अक्षरांचा किंवा स्वरचिन्हांचा क्रम अचूक असला की प्रत्येक प्रत ही ती कृतीच असते. ज्ञानेश्वरीचे उदाहरण मराठी अभ्यासकाला जवळचे आहे. तिची मूळ हस्तलिखित प्रत उपलब्ध नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली ती पाठभेदांनी भ्रष्ट झालेल्या प्रतींच्या आधारेच. तरीही ज्ञानेश्वरी नष्ट झाली आणि उरल्या त्या तिच्या नकला, असे कोणी म्हणत नाही. अजिंठ्याचे एखादे भित्तिचित्र नष्ट झाले तर मात्र कितीही उत्तम नक्कल हाती असली तरी ते नष्टच झालेले असते.

टॅब्लेटवरील चित्र यांपैकी कोणत्या गटात बसते? ते अम्लरेखनासारखे आहे, असे एक सोपे उत्तर सुचते. ताम्रपट एक, ठसे अनेक, तरी सर्व ठसे अस्सल. तसेच संगणकीय धारिका एक आणि मुद्रिते अनेक. हे साम्य पुरते टिकत नाही. ताम्रपट ही एक वस्तू आहे, ती झिजते आणि तिचे दुसरे रूप अस्तित्वात नसते. धारिकेची प्रत आणि धारिका यांत भेदच करता येत नाही. 'ब्रशेस'च्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हे अ‍ॅप अंतिम चित्राबरोबर प्रत्येक फटकाऱ्याची क्रमवार नोंद ठेवीत असे. आयफोनचा पट त्या काळी ३२० बाय ४८० बिंदूंचा होता. त्या चित्राची मोठी प्रतिमा हवी असल्यास लहान प्रतिमा ताणून मोठी करण्याऐवजी नोंदलेले फटकारे मोठ्या आकारात पुन्हा ओढून घेता येत. म्हणजे धारिकेत चित्राबरोबरच ते चित्र काढण्याची संपूर्ण आज्ञावलीही असते. ती स्वरलेखनाच्या जवळ जाते. मात्र स्वरलेखनातून वादन घडताना वादकाला अर्थनिर्णयाची मोकळीक असते. येथे ती मुळीच नाही. त्यामुळे नेमके साम्य शोधायचे तर ते पियानोलाच्या छिद्रांकित गुंडाळीशी सापडते : वादकाचा हात त्या गुंडाळीत कायमचा उतरलेला असतो, आणि हात नसतानाही तो पुन्हा पुन्हा वाजतो.

याचा अर्थ असा की स्वहस्तनिष्ठ आणि संकेतनिष्ठ या विभागणीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक, कृती विशिष्ट हातून उगम पावली आहे काय. आणि दोन, ती हानी न होता प्रतरूपाने पसरू शकते काय. आजवर ज्या चित्रात पहिली गोष्ट खरी असे त्यात दुसरी सहसा खरी नसे, म्हणून त्या एकच वाटल्या. टॅब्लेटवरील चित्राने त्यांची फारकत केली. ते उगमाने स्वहस्त आहे आणि प्रसाराने संकेतबद्ध आहे.

वाल्टर बेन्यामिन याने १९३० च्या दशकात यांत्रिक पुनर्निर्मितीने कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे प्रतिपादन केले, तेव्हा मूळ कृती आणि तिची पुनर्निर्मिती असा भेद बहुतेक कलांच्या बाबतीत शिल्लक होता. चित्रपटासारख्या कलेत तो निरर्थक होतो हेही त्याला दिसले होते. टॅब्लेटवरील चित्र या बाबतीत चित्रपटाच्या पंक्तीला बसते. असे असता हॉकनीची मुद्रिते मर्यादित संख्येत, स्वाक्षरीसह का निघतात? ही मर्यादा कृतीच्या स्वरूपातून आलेली नाही. दुर्मीळतेवर उभ्या असलेल्या बाजारासाठी ती बाहेरून घातलेली आहे. समीक्षेने या दोहोंत गल्लत करता कामा नये. स्वाक्षरीने मुद्रिताची किंमत वाढते. त्यामुळे मित्राच्या फोनवर एका सकाळी पोचलेले फुलांचे चित्र कमी अस्सल ठरत नाही.

५

फटकाऱ्यांची नोंद पुन्हा चालवून चित्र घडताना पाहता येते, ही या अ‍ॅपची बहुचर्चित सोय. हॉकनीच्या प्रदर्शनांतून अशी पुनर्दर्शने दाखविलीही गेली आहेत. प्रेक्षकाला ती मोहवितात, आणि निर्मितिप्रक्रियेचे रहस्य अखेर उलगडले, असा समज त्यातून सहज होतो. हा समज तपासून घेतला पाहिजे.

आँरी-जॉर्ज क्लूझो याने १९५६ च्या चित्रपटात पिकासोला चित्र काढताना दाखविले. शाई झिरपू देणाऱ्या पटाच्या मागे कॅमेरा ठेवल्याने हात न दिसता रेषाच उमलताना दिसते. त्या चित्रपटाने काय सिद्ध केले? एका माशाची कोंबडी झाली, हे दिसले. ती का झाली, हे दिसले नाही. क्रम दिसणे म्हणजे कारण दिसणे नव्हे. टॅब्लेटवरील पुनर्दर्शनाचीही तीच मर्यादा आहे. शिवाय चित्रकाराने हात आवरून समोर पाहत घालविलेली मिनिटे पुनर्दर्शनात गळून पडली, तर जे उरते ते प्रत्यक्ष प्रक्रियेपेक्षा कितीतरी अधिक सहज आणि निश्चित भासते. संकोच, प्रतीक्षा आणि निरीक्षण ही चित्रकाराची खरी मेहनत; तिला फटकारा नसल्याने तिची नोंदही नाही.

विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये हेतुविषयक तर्कदोष दाखवून दिला तो येथेही लागू पडतो. कृती कशी घडली याची माहिती कृतीच्या मूल्याचा पुरावा होत नाही. याउलट निर्मितिप्रक्रियेला समीक्षेत स्थानच नाही, असे म्हणणेही टोकाचे आहे. साहित्यात कवीच्या वहीतील खाडाखोड जेव्हा सिद्ध कवितेतील एखाद्या शब्दाचा दाब स्पष्ट करते तेव्हा ती समीक्षेच्या कामाची. एरवी ती चरित्राची सामग्री. हाच निकष पुनर्दर्शनाला लावावा. झाकला गेलेला थर अंतिम चित्राच्या वाचनात काही भर घालतो काय, एवढेच विचारायचे.

६

वोल्डगेटच्या चित्रमालिकेकडे या निकषांसह पाहिले असता तिचे यश आणि अपयश वेगळे करता येते. चित्रांची शीर्षके म्हणजे तारखाच आहेत. जानेवारीतील निष्पर्ण फांद्या, ओल्या रस्त्यावरची डबकी, मे महिन्यातील झुडपांचा फुलोरा ही एकेका दिवसाची नोंद आहे. तैलरंग वाळेपर्यंत ऋतू पुढे सरकलेला असतो. टॅब्लेटवर थरावर थर क्षणात चढतो, आणि म्हणून हिवाळी प्रकाशाच्या अल्पकाळाशी त्याला बरोबरी करता येते. वेग हा येथे केवळ सोय नसून आशय झाला आहे. साधनाचा गुण माध्यमाचा गुण होतो तो असा.

अपयश आकाराशी निगडित आहे. आयपॅडवरील रेषा ही बोटाची आणि मनगटाची रेषा असते. मुद्रित होऊन ती मीटरभराहून उंच झाली की खांद्यापासून फिरलेल्या हाताच्या रेषेचा आविर्भाव तिला धारण करावा लागतो. त्याच दालनातील ३२ फलकांच्या तैलचित्रात रेषेची लांबी शरीराच्या हालचालीने कमावलेली आहे. मुद्रितात ती केवळ गुणाकाराने आलेली आहे. योसेमिटीच्या डोंगरदऱ्यांची चित्रे याहून मोठ्या आकारात मुद्रित झाली, त्यांत हा उणेपणा अधिकच जाणवतो. २०२० मध्ये नॉर्मंडीत टाळेबंदीच्या वसंतात काढलेल्या आणि २०२१ मध्ये रॉयल अकॅडमीत मांडलेल्या ११६ चित्रांत दुसरा दोष दिसतो. पाने आणि गवत यांच्यासाठी अ‍ॅपमधील ठरावीक ठशांचे कुंचले पुन्हा पुन्हा वापरले जातात. एकाच ठशाची पुनरावृत्ती ही मर्ढेकरांच्या परिभाषेत संवादलयीचा आभास निर्माण करते, परंतु विरोध नसल्याने ती अलंकरणाच्या पातळीवर थांबते. झाडाकडे पाहणे संपून साठ्यातील खूण निवडणे जेथे सुरू होते, तेथे चित्र दुबळे होते.

या दोन्ही दोषांवरील उत्तर हॉकनीच्याच 'अ इयर इन नॉर्मंडी' या सुमारे ९० मीटर लांबीच्या चित्रपट्टात सापडते. तो २०२१ मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात मांडला गेला. सुमारे ७० मीटर लांबीचा बायोचा भरतकामाचा पट आणि चिनी गुंडाळीचित्रे ही त्याची प्रेरणास्थाने. स्वतंत्र आयपॅड-चित्रे जोडून येथे ऋतुचक्राचा सलग पट तयार केला आहे. एका नजरेत न मावणाऱ्या या चित्रासमोर प्रेक्षकाला चालावे लागते. काळाचा अनुभव त्याच्या पावलांतून येतो. पुनर्दर्शनाच्या चित्रफितीत जो काळ चित्रकाराच्या हाताचा होता, तो येथे पाहणाऱ्याचा झाला. आकारही गुणाकाराने फुगविलेला वाटत नाही, कारण तो रेषेच्या जाडीतून नव्हे तर दिवसांच्या संख्येतून वाढलेला आहे.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष चित्रकलेपुरता राहत नाही. साहित्याला संकेतनिष्ठ कला मानण्याची सवय असल्याने लेखकाच्या हाताचा प्रश्न साहित्यसमीक्षेने पाठचिकित्सेकडे सोपवून दिला होता. आता लेखनही काचेवरच होते, आणि तेथे परिस्थिती चित्राच्या नेमकी उलट आहे. टॅब्लेटवरील चित्राने हाताचा क्रम जपला. संगणकावरील लेखनाने तो बहुधा पुसला. हस्तलिखितातील खोडलेला शब्द रेघेखालून वाचता येतो, संगणकावर खोडलेला शब्द सिद्ध संहितेत आपली जागाही मागे ठेवीत नाही. मराठी लेखकांच्या वह्या आणि टाचणे यांच्या आधारे पाठनिश्चिती करणाऱ्या अभ्यासाला पुढील पिढीच्या लेखनाबाबत हा आधार मिळणार नाही. हाताळले जाणारे लेखन जतन करायचे असेल तर धारिकांच्या क्रमवार आवृत्त्या राखणे हे संशोधनाचे कर्तव्य म्हणून आजच स्वीकारावे लागेल, आणि तो क्रम हाती आला तरी त्यातून निर्मितीचे कारण आपोआप हाती येत नाही, हा काचेवरच्या रेषेने शिकविलेला संयमही त्याबरोबर बाळगावा लागेल.